निधी सुटला, पण पोचला का?

शासनाने निधी दिल्याची बातमी पेपरात येते आणि त्याच आठवड्यात शाळेचे मुख्याध्यापक सांगतात, "अजून एक रुपया आलेला नाही." मग खोटे कोण बोलते? सरकारी पैशाविषयी लोक जे प्रश्न विचारतात, त्यांतला हा फार जुना आणि अगदी रास्त प्रश्न. बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. मंत्रालयाच्या दृष्टीने पैसा सुटलेला असतो, शाळेच्या दृष्टीने तो आलेला नसतो, आणि मधल्या काळात तो कुठल्यातरी बँक खात्यात पडून असतो. हे मधले मुक्काम का तयार झाले, आधार, बँक खाती आणि एकमेकांशी जोडलेल्या संगणक प्रणालींनी ते कसे कमी केले, आणि त्यात कोणाच्या वाट्याला काय आले, ते या प्रकरणात पाहू.

१. सरकार 'खर्च झाला' कधी म्हणते?

राज्यघटनेच्या कलम २६६ नुसार केंद्राचा एक आणि प्रत्येक राज्याचा एक संचित निधी असतो. करांचा पैसा, सरकारने काढलेली कर्जे, दिलेल्या कर्जांची वसुली, सगळे त्यात जमा होते. संसदेने किंवा विधिमंडळाने विनियोजनाचा कायदा केल्याशिवाय त्यातून रुपयाही बाहेर काढता येत नाही.

हा निधी प्रत्यक्षात जिथून बाहेर पडतो ते ठिकाण म्हणजे कोषागार, लोकांच्या तोंडी 'ट्रेझरी'. जिल्ह्याच्या ठिकाणी कोषागार, तालुक्याला उपकोषागार आणि मुंबईत अधिदान व लेखा कार्यालय. प्रत्येक कार्यालयात पैसे काढण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी असतो. त्याला आहरण व संवितरण अधिकारी म्हणतात. तो देयक, म्हणजे बिल, तयार करून कोषागाराकडे पाठवतो. कोषागार तपासते की त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या त्या ठरावीक खात्यात, तरतूद शिल्लक आहे का, मंजुरी योग्य अधिकाऱ्याची आहे का, सोबतचे कागद पुरे आहेत का. मग पैसे सुटतात आणि हिशेब मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जातो.

इथे एक बारीक पण निर्णायक गोष्ट आहे. आपल्या सरकारांचे हिशेब रोखीच्या पायावर असतात. पैसा संचित निधीतून बाहेर पडला की तो खर्च झाला, अशी नोंद होते. शिक्षकाच्या पगाराच्या बाबतीत हे बरोबरच आहे, कारण पैसा सरळ त्याच्या खात्यात जातो. योजनांचे तसे नाही. योजनेचा पैसा कोषागारातून निघून राज्य पातळीवरच्या एखाद्या अभियानाच्या किंवा सोसायटीच्या बँक खात्यात जायचा. तिथून जिल्हा, मग तालुका, मग गाव. पहिल्याच पायरीवर हिशेबात 'खर्च' लिहिला जायचा आणि गावात वीटही लागलेली नसायची. २०१४ पूर्वी तर अनेक केंद्रीय योजनांचा पैसा राज्याच्या संचित निधीत न येता दिल्लीहून थेट अशा सोसायट्यांकडे जात असे. २०१४-१५ पासून तो राज्याच्या निधीतूनच जाऊ लागला. त्याने विधिमंडळाला तो पैसा निदान दिसू लागला, मधले मुक्काम मात्र राहिलेच.

२. भरलेली पिंपे, रिकामी टाकी

मधल्या प्रत्येक खात्यात पैसा का साचतो? लबाडी हे एक कारण आहे, पण ते पहिले नाही. ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, तिथे पाणी आले की प्रत्येक घर पिंपे, हंडे, कळशा भरून ठेवते. गरज एका हंड्याची असली तरी पाच भरतात. परिणामी टाकी रिकामी, वरच्या आळीला थेंब नाही, आणि खालच्या आळीतल्या पिंपांत शिळे पाणी. यात कुठल्याच घराचे वागणे मूर्खपणाचे नाही.

सरकारी कार्यालयांचेही असेच झाले. पुढचा हप्ता कधी येईल ठाऊक नाही, म्हणून आलेला जपून ठेवा. मागचा खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, म्हणून प्रमाणपत्र घाईने द्या. ३१ मार्चला तरतूद व्यपगत होते, म्हणून त्याआधी पैसा कोषागारातून काढून कुठेतरी जमा करा. वर्षअखेरीस खर्चाची झुंबड उडवणे हा आर्थिक शिस्तीचा भंग आहे, असे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे, तरी 'मार्च एंड' हा शब्द मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.

या साठवणुकीची किंमत किती, याचे छोटे गणित करू. समजा एका योजनेचे १०० कोटी रुपये तालुक्या-तालुक्यांच्या बँक खात्यांत चार महिने पडून राहिले. सरकार तुटीत असते, म्हणजे त्याच काळात ते बाजारातून कर्ज काढत असते. व्याज सात टक्के धरले तर १०० कोटींचे चार महिन्यांचे व्याज होते सुमारे २ कोटी ३३ लाख. बचत खात्यावर तीन टक्क्यांनी मिळाले १ कोटी. उरलेले १ कोटी ३३ लाख रुपये सरकारने स्वतःचाच पैसा आपल्याजवळ नसल्याबद्दल भरले. कुणी चोरी केली नाही, कुणी नियम मोडला नाही, आणि तरी एवढ्या पैशात होणारी कामे झाली नाहीत. एका योजनेचे हे गणित शेकडो योजनांना लावून पाहा. माझ्या मते सरकारी पैशाच्या व्यवस्थापनातला मूळ आजार हाच आहे. भ्रष्टाचार या साचलेल्या पाण्यात वाढतो.

३. आधी ओळख, मग पत्ता, मग वही

नळाला चोवीस तास पाणी येईल अशी खात्री झाली तर पिंपे आपोआप सुटतात. पैशाच्या बाबतीत ती खात्री द्यायची तर तीन गोष्टी हव्यात: पैसे घेणारा नक्की कोण हे ठरवण्याची सोय, त्याच्या खात्यापर्यंत पैसा थेट पोचवण्याची सोय, आणि सगळ्या कार्यालयांच्या वह्या एकमेकींशी बोलतील अशी सोय. प्रत्येक खात्याने या स्वतंत्रपणे उभारल्या तर खर्चही वाढतो आणि गोंधळही. एकदाच उभारायच्या आणि सगळ्यांनी वापरायच्या, अशा सामाईक सोयींना डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा म्हणतात.

ओळखीची सोय म्हणजे आधार. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी दिले गेले. बँक खात्यांचा विस्तार ऑगस्ट २०१४ मधल्या जन धन योजनेने झाला.

या दोघांना जोडणारी कडी फार थोड्यांना माहीत असते. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे, एक नोंदवही आहे. तिला मॅपर म्हणतात. या नोंदवहीत तुमचा खाते क्रमांक नसतो. तुमचा आधार क्रमांक सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, एवढेच तिथे असते. सरकारने आधार क्रमांकावर पैसे पाठवले की मॅपर बँक सांगतो आणि ती बँक आपल्याकडचे खाते शोधून पैसे जमा करते. तीन बँकांत खाती असली तरी पैसे येतात ते ज्या बँकेत शेवटचे सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, झाले तिथे. 'पैसे आले म्हणतात, पण माझ्या खात्यात नाहीत' या तक्रारीचे उत्तर कितीतरी वेळा दुसऱ्याच बँकेच्या विसरलेल्या पासबुकात सापडते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी बँकांसमोर ज्या रांगा लागल्या, त्यांतल्या कितीतरी जणी याच एका नोंदीसाठी उभ्या होत्या.

तिसरी सोय वह्यांची. केंद्रात २००८-०९ मध्ये योजनांच्या पैशाचा माग ठेवण्यासाठी लेखा महानियंत्रकांच्या कार्यालयाने एक प्रणाली सुरू केली. तीच वाढत वाढत आजची सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे पीएफएमएस, झाली. आता ग्रामपंचायतीत डोंगल लावून जी डिजिटल सही होते, ती शेवटी याच प्रणालीत जाते. रिझर्व्ह बँक ही सरकारांची बँक, आणि तिची संगणक प्रणाली ई-कुबेर. महाराष्ट्राने आपल्या बाजूने तरतुदीच्या वाटपासाठी बीम्स, कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी सेवार्थ, सरकारी जमेसाठी ग्रास अशा प्रणाली उभ्या केल्या. बीम्सवर त्या लेखाशीर्षाखाली रक्कम शिल्लक असेल तरच प्राधिकारपत्र, म्हणजे पैसे काढण्याची परवानगी, निघते आणि ते असल्याशिवाय कोषागारात बिल चालत नाही. तरतुदीपेक्षा जास्त रक्कम चुकून काढली जाण्याची वाट त्याने बरीचशी बंद झाली.

४. खात्यात शून्य, पण पैसे आहेत

केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने मार्च २०२१ मध्ये एक आदेश काढला आणि तो १ जुलै २०२१ पासून लागू केला. त्यानुसार प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेसाठी राज्याने एकच नोडल संस्था नेमायची. तिचे एकच बँक खाते. खालच्या कार्यालयांनी आणि शाळांनी आपापली खाती रिकामी करून शिल्लक वर पाठवायची. त्यांना मिळते ते शून्य शिलकीचे खाते आणि खर्चाची मर्यादा.

शून्य शिलकीचे खाते म्हणजे काय, हे समजायला अनेक मुख्याध्यापकांना वेळ लागला, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. समजा एका शाळेला संयुक्त अनुदानाची २५,००० रुपयांची मर्यादा मिळाली. पासबुकात शिल्लक दिसते शून्य. शाळेने नळदुरुस्ती आणि रंगकाम करून घेतले, बिल झाले ६,४०० रुपयांचे. पीएफएमएसवर दुकानदाराची आणि त्याच्या बँक खात्याची नोंद करायची. एका व्यक्तीने देयक भरायचे, दुसऱ्याने ते तपासून मान्य करायचे. या दोघांना मेकर आणि चेकर म्हणतात. मग देयकाची छापील सूचना, म्हणजे पीपीए, काढायची आणि सह्या करून बँकेत द्यायची. बँक ६,४०० रुपये राज्याच्या त्या एकाच खात्यातून घेते आणि दुकानदाराला देते. शाळेची मर्यादा उरते १८,६०० रुपये, आणि पासबुकात पुन्हा शून्य. पैसा शाळेत येऊन थांबलाच नाही.

त्याची नोंद मात्र त्याच क्षणी झाली: कुणाला, कशासाठी, किती. उपयोगिता प्रमाणपत्र पूर्वी खर्च झाल्याचे नंतर सांगायचे. आता खर्चाची ओळ आधीच वर पोचलेली असते. बदलाचे मोल मला कागदाच्या बचतीपेक्षा किंवा वेगापेक्षा यात जास्त वाटते. पैशाची हालचाल आणि पैशाची नोंद या दोन वेगळ्या घटना राहिल्या नाहीत, आणि हेराफेरीला लागणारी फट या दोन घटनांच्या मध्येच असायची.

एक त्रुटी तरीही उरली. राज्याचे ते एक खातेसुद्धा व्यापारी बँकेतच होते. पूर्वी हजारो पिंपांत असलेले पाणी आता एका मोठ्या हौदात, पण टाकीच्या बाहेरच. म्हणून २०२३ पासून 'स्पर्श' या नावाची पुढची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात केंद्र फक्त खर्चाची कमाल मर्यादा मंजूर करून ठेवते. बिल तयार झाले की राज्याची कोषागार प्रणाली, पीएफएमएस आणि ई-कुबेर एकमेकांशी बोलतात. केंद्राचा वाटा आणि राज्याचा वाटा रिझर्व्ह बँकेतून एकाच वेळी निघतो आणि ज्याचे बिल त्याला मिळतो. बिल येईपर्यंत पैसा सरकारच्याच खात्यात असतो, आणि तेवढे कर्ज काढावे लागत नाही.

५. बिहारमध्ये काय दिसले

आधी नोंद, मग पैसा हा क्रम प्रत्यक्षात उपयोगी पडतो का, याची काटेकोर परीक्षा त्याआधीच बिहारमध्ये २०१२-१३ साली झाली होती. विषय होता रोजगार हमी योजना. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा करून ज्या कल्पनेला आकार दिला, तीच २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने देशभर नेली होती. तोवर ग्रामपंचायतीला खर्चासाठी आगाऊ रक्कम मिळे आणि मजुरांची नावे संगणकावर नंतर, सवडीने भरली जात. रक्कम आधीच संपलेली, मग नावे त्या रकमेला जुळवून घेता येत. काही प्रखंडांत, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यांसारख्या विभागांत, हा क्रम उलटा केला गेला. कोणत्या मजुराला किती द्यायचे हे ग्रामपंचायतीने आधी प्रणालीत भरायचे, आणि तेवढीच रक्कम मग मिळायची. बाकीच्या प्रखंडांत जुनीच पद्धत ठेवली, म्हणजे तुलना करता आली.

अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेच दोघे. त्यांना आढळले की नव्या पद्धतीच्या प्रखंडांत योजनेचा खर्च २४ टक्क्यांनी घटला. लोकांना काम कमी मिळाले म्हणून तो घटला असता तर ती वाईट बातमी ठरली असती. पण काम घटले नाही, उलट किंचित वाढले. म्हणजे घटलेला खर्च मजुरांपर्यंत कधी पोचतच नव्हता. सरकारी यादीतली खोटी कुटुंबे कमी झाली. योजनेशी संबंधित अधिकाऱ्यांनी जाहीर केलेली संपत्तीसुद्धा सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसली. एक पैसाही जास्त न देता, कुणालाही तुरुंगात न टाकता, फक्त नोंद आणि पैसा यांचा क्रम बदलून एवढे झाले.

त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो सरकारी सादरीकरणांत क्वचित सांगितला जातो. मजुरी मिळायला लागणारा उशीर वाढला. गावात संगणक नाही, वीज नाही, नोंद करायला तालुक्याच्या ठिकाणी जायचे. पैशाचे थांबणे बंद झाले आणि मजुराचे थांबणे वाढले.

६. बचतीचे आकडे वाचताना

थेट हस्तांतराने एवढे हजार कोटी वाचले, अशी वाक्ये आपण सतत वाचतो. ती वाचताना एक उदाहरण लक्षात ठेवावे. स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान थेट खात्यात देणारी 'पहल' योजना १ जानेवारी २०१५ पासून देशभर लागू झाली. २०१४ च्या एप्रिल ते डिसेंबरच्या तुलनेत २०१५ च्या त्याच काळात अनुदानाचा बोजा सुमारे २३,३०० कोटींनी उतरला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तपासले तेव्हा दिसले की त्यातली सुमारे २१,५५० कोटींची घट जागतिक बाजारात किमती कोसळल्यामुळे होती. ग्राहकांनी अनुदानित सिलिंडर कमी घेतल्यामुळे झालेली घट होती सुमारे १,७६४ कोटींची.

१,७६४ कोटी ही काही लहान रक्कम नाही. खरी बचत तेवढी सांगितली असती तरी योजनेची शान कमी झाली नसती. शिवाय यादीतून गळालेले प्रत्येक नाव बोगसच होते, असे धरून चालणे तर फार धोक्याचे. गळालेल्या नावांत बोटांचे ठसे न उमटणारे वृद्ध असतात, कागदोपत्री नाव वेगळे पडलेल्या विधवा असतात. त्यांचे न मिळालेले पैसे बचत म्हणून मोजले, तर हिशेब जुळतो पण तो खोटा असतो.

७. आता थांबते कोण?

थेट खात्यात पाठवलेला पैसाही कधी कधी परत का जातो, याची कारणे बहुतेक साधी असतात. खाते बरेच दिवस न वापरल्याने निष्क्रिय झाले. आधारवर एक नाव, बँकेत दुसरे. दोन बँकांच्या विलीनीकरणात जुनी जोडणी तुटली. मॅपरवर नोंदच नाही. प्रणाली या प्रत्येक अडचणीला एक सांकेतिक कारण लावून पैसा परत पाठवते. तिच्या बाजूने काम संपलेले असते. ज्याचा पैसा आहे त्याला मात्र बँक सांगते तहसीलला जा, तहसील सांगते बँकेत जा. खेडेगावातल्या मजुराचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे.

यावर काय करता येईल, याचा धडा रोजगार हमीच्या कायद्यातच होता. हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी द्यायची आणि उशीर झाला तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. पण प्रणालीत भरपाईचा हिशेब राज्याच्या पातळीवर देयकावर सही होईपर्यंतच धरला जायचा. त्यानंतर दिल्लीहून पैसा निघून खात्यात पडेपर्यंतचे दिवस कोणाच्याच नावावर नव्हते. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की मजुराच्या दृष्टीने हे दोन टप्पे वेगळे नाहीत आणि केंद्राला या दुसऱ्या टप्प्याची जबाबदारी टाळता येणार नाही. यंत्रणेने कुठल्या क्षणापासून घड्याळ सुरू करायचे, हा प्रश्न तांत्रिक दिसतो, पण उशिराचा भार कोणी सोसायचा हे त्याच्यावरच ठरते.

घड्याळाचा हाच प्रश्न मोठ्या रकमांनाही लागू आहे. रस्त्याचे काम पूर्ण करून कंत्राटदार बिलाची वाट पाहत बसतो. महाराष्ट्रात थकीत बिलांसाठी कंत्राटदारांनी केलेली आंदोलने आपण पाहिली आहेत. रोखीच्या हिशेबात हे देणे दिसत नाही, कारण तिजोरीतून काही बाहेर पडलेले नाही. बीम्सवर रक्कम नसेल तर प्राधिकारपत्र निघत नाही, प्राधिकारपत्र नाही म्हणून बिल कोषागारात जात नाही, आणि बिल गेले नाही म्हणून प्रणालीच्या लेखी कोणाचे काहीही देणे नाही. प्रणाली अचूक आहे, चित्र मात्र अपुरे आहे. गरजेच्या क्षणीच पैसा सोडण्याची पद्धत ही तंगीच्या काळात पैसा न सोडण्याचीही पद्धत होऊ शकते.

उपाय माहीत आहे आणि तो सध्याच्या सोयींवरच उभा करता येतो. कामाचा आदेश निघाला त्या दिवशीच देण्याची नोंद प्रणालीत व्हावी. काम पूर्ण झाल्याची तारीख, बिल दाखल झाल्याची तारीख आणि पैसे खात्यात पडल्याची तारीख, या तिन्ही एकाच ओळीत, जिल्हावार आणि योजनावार, कोणालाही पाहता येतील अशा असाव्यात. परत गेलेल्या प्रत्येक देयकापुढे तो पैसा पुन्हा पाठवण्यास जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे पद आणि मुदत लिहिलेली असावी. आज ग्रामपंचायतीच्या खर्चाच्या नोंदी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचे नाव टाकून पाहता येतात. पुढच्या ग्रामसभेला जाण्याआधी आपल्या गावाच्या नोंदी तिथे उघडून पाहाव्यात. कोणते काम, कोणाला किती रुपये, कोणत्या तारखेला, हे तिथे सापडते. काम कधी पूर्ण झाले आणि पैसे मिळायला किती दिवस लागले, हे ग्रामसभेत विचारावे लागते.